महादेवीचे दीड सिनेमे

सास्तूरच्या शाळेत पोरांना खिचडी शिजवून घालणारी महादेवी एके काळी सिनेमात होती. ही गोष्ट पोरांना आता मोबाइलमुळं कळली आहे. कोणीतरी तो जुना सिनेमा तुकडे करून नेटवर चढवलाय. मधल्या सुट्टीत पोरं ताट पुढं करतात, मान वाकडी करतात आणि घोगऱ्या आवाजात म्हणतात, "पाणी द्या... घोटभर पाणी..." मग खिदळत पळतात. महादेवी हातातला डाव उगारते, पण कुणाला मारत नाही. तिच्या जागी मी असते तर एकेकाची पाठ लाल केली असती.

मी राजेश्वरी, या गावची आशा वर्कर. लेकरांची वजनं, बाळंतिणींच्या गोळ्या, म्हाताऱ्यांचं बीपी असली कामं करत घरोघर फिरते. महादेवी आणि मी पहिलीपासून एका बसकरपट्टीवर बसलेल्या. तिच्याबद्दल लिहितेय म्हटल्यावर ती म्हणाली, "दीड सिनेमा केला म्या. त्यात काय लिव्हतीस?" सिनेमाचं तसं काही नाहीच. पण गेल्या काही महिन्यांत त्या दीड सिनेमानं तिच्या घरात जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सुरुवात त्र्याण्णव सालापासून करावी लागते. आमच्या गावात सगळ्याच गोष्टींची सुरुवात तिथून होते. भूकंपात महादेवीचं घर पडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मीही तेवढीच. दगडमातीच्या जाड भिंती होत्या. तिच्या वडिलांनी, शिवलिंगआप्पांनी, तिला आणि धाकट्या कृष्णराजला ओढून बाहेर काढलं. आई सिताबाई आतच राहिली. तीस वर्षांची होती. पुढं नवं गाव बसलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुनं गाव तसंच पडून राहिलं. ढिगाऱ्यांवर बाभळी उगवल्या, काही दारांच्या नुसत्या चौकटी उभ्या राहिल्या. तिकडं शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नसे.

आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वतः भाकरी थापून लेकरं वाढवली. बोलायचे कमी, आणि सिताबाईचं नाव तर घरात निघतच नसे. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, तो घराबरोबर गेला. महादेवीला अठराव्या वर्षी उजवली आणि सात महिन्यांत ती परत आली. का, ते तिच्या नवऱ्याला विचारा. ती सांगत नाही आणि मी कधी खोदून विचारलं नाही.

दोन हजार पाच साली कुलदीप नावाचा एक डायरेक्टर एक जीप, एक कॅमेरा आणि सात माणसं घेऊन गावात आला. त्याला भुताचा सिनेमा काढायचा होता. थेटरात लावायचा नव्हे, सीडीवर काढून जत्रांमध्ये आणि एसटी स्टँडवर विकायचा. सेट लावण्याची ऐपत नव्हती आणि आमचं जुनं गाव फुकटात पडलेलं. खरं तर आम्हाला राग यायला हवा होता. आमची माणसं जिथं मेली तिथं हा भुतं नाचवणार होता. पण खोटं कशाला सांगू, राग कुणालाच आला नाही. बारा वर्षं त्या जागेकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, आता कॅमेरा आला याचंच गावाला कौतुक. आप्पांना त्यानं लांब रस्त्यावर, जीपमधल्या सामानाच्या राखणीला ठेवलं.

हडळीचं काम करणारी बाई ऐनवेळी आलीच नाही. आप्पांचा डबा घेऊन आलेली महादेवी कुलदीपच्या नजरेस पडली. उंच, सुकलेला चेहरा, मोठाले डोळे. "ताई, नुसतं उभं ऱ्हायचंय," तो म्हणाला. आप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य असंच गेलेलं.

सिनेमाचं नाव 'तहानलेली हडळ'. लाइट भाड्यानं आणणं परवडत नव्हतं, म्हणून रात्रीचे सगळे प्रसंग दुपारी बारा वाजता काढले. भिंगापुढं निळा कागद धरला की झाली रात्र. महादेवीच्या तोंडाला पावडर, डोळ्यांखाली काजळी. उन्हानं घाम यायचा, पावडर ओघळायची, तर तेच भेसूर दिसतं म्हणून कुलदीप खूश. ढिगाऱ्यातल्या एका उभ्या चौकटीत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचं, "पाणी द्या. घोटभर पाणी." जो देणार नाही तो मरायचा. सबंध सिनेमात तिला एवढंच वाक्य, अकरा वेळा. तेही तिच्या आवाजात नाही. आमची बोली ऐकून लोक हसतील म्हणून कुलदीपनं ते नंतर सोलापुरात दुसऱ्याच बाईकडून बोलून घेतलं.

तरी ती आनंदात होती. हे लिहायलाच हवं, कारण तशी ती मला नंतर कधी दिसली नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून गाव तिच्याकडं ज्या नजरेनं बघायचं, ती नजर शूटिंगच्या त्या आठ दिवसांत कुठंतरी गेली. "राजे, तिथं उभी ऱ्हायले की मला कुणाचं भ्या वाटत न्हाय बघ," म्हणायची. "लोकंच मला भितेत."

सीडी आली ती आमच्या घरी लावली, कारण गल्लीत रंगीत टीव्ही आमचाच. रविवारची दुपार. अंगणापर्यंत माणसं. पहिल्याच प्रसंगात महादेवी चौकटीत उभी राहिली आणि पाणी मागितलं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. आप्पा पुढंच बसले होते. ते उठले, टीव्हीचं बटण बंद केलं आणि चप्पल न घालता निघून गेले. लोकांनी टीव्ही परत लावला आणि शेवटपर्यंत बघितला. महादेवीनं मात्र बघितला नाही, ती आमच्या चुलीपाशी जाऊन बसली.

त्यानंतर तीन महिने आप्पा तिच्याशी बोलले नाहीत. मग कुलदीपचा निरोप आला. दुसरा सिनेमा, 'किल्ल्यातली कैदाशीण', परंड्याच्या किल्ल्यात. या वेळी हडळीला मागची कथा होती, रडायचं होतं, बोलायचं होतं. महादेवी मला सांगून आणि आप्पांना न सांगता गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा तिथं हजर. लोहारा, उस्मानाबाद, बार्शी अशा गाड्या बदलत पोचले होते. महादेवी बुरजाखाली केस मोकळे सोडून उभी, कॅमेरा चालू. आप्पा सरळ कॅमेऱ्यापुढं गेले आणि म्हणाले, "चल घरी." तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही. पांढरं तोंड आणि काळे डोळे घेऊन ती एसटीत बसली. बार्शीच्या स्टँडवर एका बाईनं आपल्या लेकराचे डोळे झाकले. आप्पा खिडकीबाहेर बघत होते, ते थेट सास्तूरपर्यंत.

सिनेमा कुलदीपनं दुसरी बाई घेऊन पुरा केला. अर्ध्यापर्यंत कैदाशिणीचा चेहरा महादेवीचा, पुढं भलत्याच बाईचा. कुणाची काही तक्रार आली नाही. असे तिचे दीड सिनेमे.

वीस वर्षं तिनं मनात एकच गोष्ट धरून ठेवली: आप्पांना माझी लाज वाटली. नवऱ्यानं टाकली तेव्हा वाटली नाही, पण मी कुणीतरी झाले तेव्हा वाटली. तोंडावर ती कधी बोलली नाही. भाकरी करून वाढायची, ते खायचे. मी कित्येकदा म्हणाले, एकदा विचारून टाक. "काय इचारू? त्यांनी बोलायला तर पायजे," म्हणायची.

मधे एक फोटोचं प्रकरण झालं. कृष्णराज पुण्याला कंपनीत लागला, लग्न झालं, आणि आईचा फोटो घरात नाही याचं त्याला वाईट वाटायला लागलं. आमच्याकडं भूकंपानंतर दोनचार घरांत अशी युक्ती झाली होती: गेलेल्या माणसाशी ज्याचं तोंड जुळतं त्याचा फोटो द्यायचा, स्टुडिओवाला कुंकू मोठं करतो, डोक्यावर पदर काढतो, झाली आई. महादेवी हुबेहूब आईवर गेलेली. कृष्णराजनं सिनेमाच्या वेळचा तिचा फोटो उमरग्याच्या स्टुडिओत दिला. फ्रेम आली, भिंतीवर लागली, वर चंदनाचा हार. महादेवी तेव्हा हसून म्हणाली होती, "जित्तेपणी हार घालून घेणारी मी एकलीच." मलाही हसू आलं होतं. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

आप्पांना विसरण्याचा आजार जडला तो दोन वर्षांपूर्वी. आधी चष्मा, मग शेताची वाट, मग नातवंडांची नावं. या मार्चमध्ये एका सकाळी महादेवी चहा घेऊन पुढं गेली आणि ते ओरडले. मागं सरकत भिंतीला चिकटले. एकदा तिच्याकडं, एकदा फोटोकडं बघत राहिले. हार घातलेली बाई त्यांच्यासाठी भिंतीवरून खाली उतरली होती.

त्या दिवसापासून तिच्या हातचं काही घेईनात. शेजारणीनं भरवलं, मी भरवलं, तर दोन घास खायचे. पण पाणी कुणाच्याच हातचं नाही. तांब्या पुढं केला की तो हातानं दाराकडं ढकलायचे. आम्हाला वाटलं, नको म्हणतायत. उमरग्याला नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, या आजाराला औषध नाही, पण पोटात पाणी गेलं पाहिजे, नाहीतर हा माणूस आठ दिवस काढणार नाही. परत आणलं. फोटो भिंतीवरून काढून बघितला, तर रिकाम्या जागेकडं बघून लहान पोरागत रडायला लागले. परत लावला.

कृष्णराज पुण्याहून आला, दोन दिवस राहिला. त्याच्याही हातचं पाणी घेतलं नाही. निघताना बॅग खांद्याला अडकवत म्हणाला, "ताई, आता त्यांचं वय बी झालंय." माझं डोकंच फिरलं. "वय झालं म्हणून माणूस तहानेनं मारायचा व्हय रे?" असं भर रस्त्यात त्याला बोलले. तो गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी महादेवी ओट्यावर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढं रडली. "मला काय नगं, राजे. सेवा करून घ्या म्हणत न्हाय, माफी मागा म्हणत न्हाय. त्यांनी एकदा माझ्याकडं बघून महादेवी म्हणावं. माझ्या बापानं मला बघून वरडत मरू नये. एवढंच." त्यांचे ओठ फुटले होते, जीभ पांढरी झाली होती. माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं होती आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. मला स्वतःचाच संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी मी आत त्यांच्याजवळ बसले होते. महादेवीनं बाहेरून, दाराआडून, सवयीनं विचारलं, "आप्पा, पाणी पिता का वो?"

आप्पांनी मान वर केली. "कोण, महादेवी? ये की आत."

आवाज ओळखला होता. चेहरा गेला होता, पण आवाज शिल्लक होता. जो आवाज कुलदीपनं सिनेमातून काढून टाकला तोच. मला काही सुचायच्या आत ती तांब्या घेऊन धावतच आत आली. तिच्या तोंडावर इतकं सुख होतं की मला 'थांब' म्हणायचं भान राहिलं नाही. आप्पांनी तिला बघितलं आणि किंकाळी फोडली. तांब्या हातानं उडवला. पाणी सगळं जमिनीवर. ती उलट्या पावली बाहेर गेली.

 मी आप्पांचा हात धरला आणि विचारलं, "आप्पा, ती कोण हाय? काय मागती?"

"पाणी मागती."

"मग?"

 मग ते बोलले, तुटक तुटक, मधेच थांबत. भूकंपाच्या त्या पहाटे दोन्ही लेकरं बाहेर काढली आणि आतून सिताबाईची हाक आली. पाणी द्या, घोटभर पाणी. तीनदा आली. वर भिंत लोंबत होती, जमीन अजून हलत होती, लोक म्हणत होते जाऊ नका. "घागर फुटली न्हवती, राजेश्वरी. आंगणात तशीच भरल्याली. म्या तांब्या भरला. तांब्या हातात धरून हुबा ऱ्हायलो. आत गेलो न्हाय. भ्यालो म्या. मग हाक यायची थांबली." त्यांनी हाताची मूठ तांब्या धरल्यासारखी केली. "कुणाला सांगितलं न्हाय. त्या सिनेमावाल्याला एकदा सांगितलं. लई गोड बोलायचा. त्यानं ते माझ्या पोरीच्याच तोंडी घातलं. समद्या गावापुढं तिला पाणी मागायला लावलं." मग दाराकडं बोट केलं. "आधी तिला द्या. तिला दिल्याबिगर म्या कसं पिऊ?"

मी बाहेर आले तेव्हा महादेवी भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वीस वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरतं का, मला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी माझी लाज न्हवती वाटली."

मग उठली. तोंड धुतलं. कपाळावरची टिकली काढून फोटोतल्यासारखं रुपयाएवढं कुंकू लावलं. पदर डोक्यावरून घेतला. मी विचारलं, "काय करतीस?"  भरलेला तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाली, "ह्यो त्यांच्या हातात दे आनि बाजूला हो."

मी दिला. ती चौकटीत येऊन उभी राहिली. सिनेमात उभी राहायची तशीच, हात दोन्ही बाजूंना, मान जरा कलती. आप्पा ओरडायला तोंड उघडणार तोच ती आपल्या स्वतःच्या आवाजात, आमच्या बोलीत म्हणाली, "पाणी द्या की वो. लई तहान लागलीय मला."

आप्पांचं तोंड तसंच उघडं राहिलं. हातातला तांब्या कलला, पाणी अंथरुणावर सांडत होतं. मग त्यांनी तो पुढं केला. ती जवळ जाऊन गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या हातानं प्यायली. संपवलं. "आजून," ते म्हणाले. मी परत भरला. तिनं तोही संपवला. तिसऱ्याला तिला ठसका लागला, नाकातोंडातून पाणी आलं, तरी प्यायली. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, मला बघवेना.

"भागली का?" आप्पांनी विचारलं.

"भागली. आता तुमी प्या."

ते प्यायले. अख्खा तांब्या. घशाची घाटी वरखाली होताना मी मोजत होते. मग त्यांनी विचारलं, "पोरं कुठं हायती?"

"निजलीत."

"बरं," म्हणाले, आणि त्यांना झोप लागली.

आप्पा जगले. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. पण त्याची किंमत महादेवी रोज मोजते. दिवसातून पाचसहा वेळा कुंकू, पदर, चौकट, पाणी द्या की वो. आधी तिनं प्यायचं, मग ते. एकदा कंटाळून तिनं नुसतंच पाणी पुढं केलं, तर परत किंकाळी. शाळेतून ती खिचडीचं पातेलं घासून धावत घरी येते, कारण दीडला पाणी द्यायचं असतं. आणि दाराआडून आवाज दिला तरी आता ते महादेवी म्हणत नाहीत. तो आवाजही सिताबाईचा झाला.

परवा मी बीपी बघायला गेले होते. आप्पा बरे दिसत होते, उशीला टेकून बसले होते. महादेवी वाटीत दुधात भाकरी कुस्करून चौकटीत आली, डोक्यावर पदर घेऊन. आप्पा तिच्याकडं बघून हसले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडं गेली आणि तिथंच राहिली.

"अगं," ते तिला म्हणाले, "आपली महादेवी गेली नव्हं."

ती जागीच थांबली.

"बघ, हार घातलाय. म्या बी इसरलो व्हतो." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. "सिनेमात असायची. लई झ्याक काम करायची. खरीच तू वाटायचीस. मला बघवंना, म्हणून म्या तिला ओढून आणली. तोंड बी धुऊ दिलं न्हाय. पोरीची काय चूक न्हवती. तिला म्या कधी सांगितलंच न्हाय गं."

मला वाटलं, आता ती पदर मागं टाकेल, कुंकू पुसेल आणि म्हणेल, आप्पा, मी इथं हाय. मी तिच्याकडं बघत होते. तिचे ओठ हलले. पण पदर मागं टाकला असता तर आप्पांना समोर परत हडळ दिसली असती, आणि ते तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"तिला ठावं हाय," ती म्हणाली.

"खरंच?"

"व्हय. मला सांगितलंय तिनं."

आप्पांनी मान हलवली. महादेवी त्यांच्यापुढं बसली, वाटी खाली ठेवली, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि आधी आपण पाणी प्यायली.